सोनं रोळायला कुठे जावं

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या नद्यांमध्ये सोनं आहे का, असं विचारत बसण्यात अर्थ नाही. आहे. १८४८ पासून माणसांनी ते वेचलं, खणलं, पाण्याच्या माऱ्याने डोंगरच्या डोंगर पाडून धुऊन नेलं. तरी दर हिवाळ्यात पाऊस होतो, नद्या फुगतात आणि तळाशी दडलेलं थोडंफार पुन्हा हलवून ठेवतात. खरा प्रश्न असा, की दोन पोरं, भारतातून आलेले आईबाबा, डबे, चटया आणि दुपारी हमखास डुलकी लागणारा एखादा माणूस एवढं लटांबर घेऊन जायचं असेल, तर उतरायचं कुठे? बे एरियातल्या मराठी घरांतून हा प्रश्न सप्टेंबरच्या सुमारास हटकून निघतो. तेव्हा नद्यांचं पाणी उतरलेलं असतं, उन्हाचा कडाका कमी झालेला असतो आणि दसरा तोंडावर आलेला असतो. इथे आपटा मिळत नाही; मंडळात सोनेरी पुठ्ठ्याची पानं वाटतात. "त्यापेक्षा खरंच सोनं लुटायला जाऊ या," हा विनोद दरवर्षी कुणीतरी करतं आणि दरवर्षी दोन-चार कुटुंबं तो मनावर घेतात.

आम्ही त्या मनावर घेणाऱ्यांपैकी. वेगवेगळ्या काठांवर बसून, रेंजर लोकांना, पार्कातल्या स्वयंसेवकांना आणि काठावरच्या मुरलेल्या म्हाताऱ्यांना विचारून माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकते. जागा ठरवताना पहिली परवानगी, दुसरं पाणी, तिसरं स्वच्छतागृह आणि सोनं चौथं. हा क्रम ज्यांनी उलटा केला ती कुटुंबं एकदाच जातात आणि नंतर डिस्नेलँडला जातात.

सुरुवात कोलोमापासून करावी. सॅक्रामेंटोहून ५० नंबरच्या हायवेने प्लेसरव्हिल गाठायचं आणि तिथून ४९ नंबरच्या वळणावळणाच्या रस्त्याने आठेक मैल. (ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा.) हा ४९ आकडा १८४९ साली लोंढ्याने आलेल्या 'फॉर्टी-नायनर्स'ची आठवण म्हणून रस्त्याला दिलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल संघाचं नावही तिथलंच. रस्ता खाली उतरतो, अमेरिकन नदीचा दक्षिण फाटा दिसायला लागतो आणि मार्शल गोल्ड डिस्कव्हरी स्टेट हिस्टॉरिक पार्कची पाटी येते.

गोष्ट बहुतेकांना अर्धीमुर्धी माहीत असते. जॉन सटर नावाच्या जमीनदारासाठी जेम्स मार्शल इथे पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी बांधत होता. चाकावरून पडलेलं पाणी पुन्हा नदीत सोडायला जो चर खणला होता तो पुरेसा खोल नव्हता. म्हणून रात्रभर त्यातून पाणी सोडायचं, गाळ वाहून जाऊ द्यायचा आणि सकाळी किती खोल झाला ते बघायचं, असा क्रम चालला होता. २४ जानेवारी १८४८च्या सकाळी त्या चरात मार्शलला काहीतरी चकाकताना दिसलं. दगडावर ठेवून ठोकलं तर फुटलं नाही, चपटं झालं. पुढची परीक्षा मात्र स्वयंपाकिणीने केली. मजुरांचं जेवण रांधणाऱ्या जेनी विमरने तो तुकडा साबण शिजत असलेल्या कढईतल्या क्षारात टाकला, आणि तो काळा न पडता जसाच्या तसा निघाला. ही बाई जॉर्जियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात राहून आली होती. मार्शलपेक्षा तिला सोनं जास्त कळत होतं. शाळेच्या पुस्तकांत मार्शलचं नाव येतं आणि विमरबाईंची कढई तळटीपेत जाते, हे आपल्याला नवीन नाही.

नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकलं. आपण नेमकं काय दिलं हे देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि काय घेतलं हे घेणाऱ्याला. सटरला बातमी दाबून ठेवायची होती. पण सॅम ब्रॅनन या दुकानदाराने आधी आपल्या दुकानात माल भरला आणि मग मे महिन्यात सोन्याची कुपी उंच धरून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर बोंब ठोकली. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी काँग्रेससमोर दुजोरा दिला आणि जगभरातून माणसं निघाली. पुढच्या सात-आठ वर्षांत सुमारे तीन लाख. मार्शल आणि सटर दोघेही कफल्लक होऊन मेले. मार्शलचा पुतळा तिथल्या टेकडीवर उभा आहे, जिथे तुकडा सापडला त्या जागेकडे बोट दाखवत. श्रीमंत झाला तो ब्रॅनन, आणि त्याचंही पुढे टिकलं नाही.

पार्कात सोनं धुण्याच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं. पहिली म्हणजे गावातल्या एका जुन्या इमारतीजवळची लाकडी डोणी. पैसे भरले की स्वयंसेवक पॅन हातात देतो, डोणीतल्या पाण्यात कसं हलवायचं ते शिकवतो, आणि पॅनमध्ये सोन्याचे कण आधीच घातलेले असतात. दुसरी जागा म्हणजे खुद्द नदी. पूल ओलांडून पलीकडच्या काठावर ठरवून दिलेल्या भागात आपलं पॅन घेऊन बसता येतं. तिथे कुणी काही घालून ठेवलेलं नसतं. काही जाणकार लोक डोणीला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. सहा वर्षांच्या आतल्या पोराला नदीवर तासभर बसवून काही दिसलं नाही, तर तो दुसरा तास दगड फेकण्यात घालवतो. आधी डोणीवर हात बसू द्यावा, डोळ्याला सोनं कसं दिसतं ते कळू द्यावं आणि मग पूल ओलांडावा. मात्र फक्त डोणीवरून परत येणं म्हणजे मासळीबाजारातून मासे आणून गळाने पकडले म्हणून सांगण्यासारखं आहे.

डोणीवर आमच्या थोरल्याने दोन मिनिटांत पॅन रिकामं केलं. जोरजोरात गोल फिरवलं, पाणी उडालं, वाळू गेली, तिच्याबरोबर सोनंही. स्वयंसेवक हसून पुन्हा सुरुवात करणार, तेवढ्यात आई बाकावरून उठली. वाईच्या घरात तिने रेशनचा तांदूळ वर्षानुवर्षं रोळलाय.

"अरे, तू धुतोयस. रोळायचं असतं. धुतलं की सगळंच जातं."

तिने पॅन घेतलं, वाळू पुरती बुडेल एवढं पाणी आत घेतलं आणि आधी नुसतं डावीउजवीकडे हलवलं. मग पुढची कड किंचित खाली झुकवली, मनगटाने एक झोका दिला आणि वरची फिकट वाळू पाण्याबरोबर अलगद ओतून दिली. पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं, पुन्हा झोका. तिचा हात कुठेच घाई करत नव्हता. पॅनच्या कडेला ज्या पन्हळीसारख्या खाचा असतात त्यांत काळी रेती साठत गेली. शेवटी पसाभर वाळूची चिमूटभर उरली, काळीशार. आईने चमचाभर पाणी त्यावरून मागे फिरवलं. काळी रेती पंख्यासारखी पसरली आणि तिच्या मागच्या टोकाला दोन पिवळे ठिपके जागेवरच राहिले. "पूर्वी तांदळात खडे फार असायचे," एवढंच ती म्हणाली. स्वयंसेवकाने तिला तीच कृती पुन्हा करून दाखवायला लावली आणि पलीकडच्या दोन अमेरिकन कुटुंबांना बोलावून आणलं.

हे जमतं त्याचं कारण वजन. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, गारगोटीची वाळू जेमतेम २.६५ पट. मधे येते ती काळी रेती, म्हणजे बरीचशी मॅग्नेटाइट, पाण्याच्या सुमारे ५.२ पट जड. हलवलं की जड ते खाली बसतं, झुकवलं की हलकं ते निघून जातं, म्हणून काळी रेती सगळ्यात शेवटी सोन्याच्या सोबतीला उरते. ती काढायची युक्ती सोपी: लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅनवरून फिरवायचा. रेती पिशवीला चिकटते. चुंबक बाहेर ओढला की गळून पडते. पॅन प्लास्टिकचं घ्यावं ते यासाठीच, लोखंडी असलं तर चुंबक पॅनलाच बिलगतो. हिरवं किंवा काळं घ्या, पिवळा कण उठून दिसतो. मोठ्यांना चौदा इंची ठीक, पोरांना त्याहून लहान, नाहीतर ओली वाळू भरल्यावर त्यांची मनगटं दुखतात.

नदीवर गेलं की पहिल्या तासात सगळ्यांनाच ढीगभर सोनं सापडतं. ते अभ्रक असतं. उन्हात ते भलतंच चमकतं, पॅन सावलीत नेलं की विझतं, आणि पाणी हललं की तरंगायला लागतं. सोनं सावलीतही तसंच पिवळं राहतं आणि पाणी हललं तरी हटत नाही. पायराइट जड असतं पण ठिसूळ. सुईने दाबलं की चुरा होतो. सोनं दबतं, मोडत नाही. मार्शलने दगडावर ठोकून पाहिलं ते हेच.

कुठे बसायचं, याचंही उत्तर वजनातच आहे. पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे सोनं खाली बसतं. नदीच्या वळणाची आतली बाजू, पुरात पाण्याच्या वाटेत आलेल्या मोठ्या धोंड्याची खालची बाजू, उघड्या कातळाच्या प्रवाहाला आडव्या गेलेल्या भेगा. कातळावरचं शेवाळ आणि गवताची मुळंही बारीक सोनं धरून ठेवतात. मुलांना नकाशा काढायला लावा: पूर आला तर पाणी कुठून धावेल आणि कुठे दमेल? आमच्या धाकटीने या खेळात कण किती मिळाले हे विचारणंच सोडून दिलं. ती बाण काढत बसली होती.

आणि कण मिळाले तर ते किती? एक मिलिमीटर रुंद आणि त्याच्या दहाव्या भागाएवढा जाड कण धरा. अगदी शुद्ध धरला तरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास. असे ऐंशी कण जमले की गुंजभर सोनं, आणि ९६ गुंजांचा तोळा. म्हणजे साडेसात हजारांहून जास्त कण शोधले की तोळा होईल. पेट्रोलचा, पार्किंगचा आणि परतीच्या वाटेवर खाल्लेल्या पिझ्झाचा हिशोब ज्याने त्याने करावा. भारतात फोन करून "आम्हाला सोनं सापडलं" म्हणून सांगितलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो "किती तोळे?" हाच. तेव्हा हे गणित जवळ असलेलं बरं.

आता परवानगी, कारण यावरच लोक आपटतात. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांमध्ये जिथे हा खेळ चालतो तिथे नियम जवळपास एकच असतो: हात आणि पॅन. फावडं, पहार, वाळू धुण्याची लांब पन्हळ, पंप, यांतलं काहीही नाही. झाडाची मुळं उकरायची नाहीत, काठ पोखरायचा नाही आणि माणशी दिवसाला १५ पौंडांपेक्षा जास्त दगडमाती न्यायची नाही. कोलोमाखेरीज ऑबर्न स्टेट रिक्रिएशन एरिया हे दुसरं चांगलं ठिकाण. अमेरिकन नदीचे उत्तर आणि मधला असे दोन फाटे तिथे मिळतात. शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा सकाळी नऊच्या आत पोचा. तिसरं साउथ युबा नदीवरचं ब्रिजपोर्ट. १८६२ सालचा, वर छप्पर असलेला लांबलचक लाकडी पूल तिथे आहे, आणि त्याच्या आसपासचे काठ उथळ आणि मोकळे आहेत. आजीआजोबा बरोबर असतील तर माझं मत ब्रिजपोर्टला. आणखी दक्षिणेला कोलंबिया हे जुनं खाणगाव सबंध जपून ठेवलेलं आहे. घोड्यांची बग्गी, लोहाराची भट्टी आणि पैसे भरून वाळू धुण्याची सोय. पोरांना ते आवडतं. मला ते जत्रेसारखं वाटतं, पण जत्रा वाईट असते असं कुणी म्हटलंय?

स्टेट पार्काच्या बाहेर पडलं की गोष्ट अवघड होते. राष्ट्रीय वनांची जमीन सगळ्यांची असते हे खरं, पण तिच्यातली खनिजं सगळ्यांची असतीलच असं नाही. १८७२चा केंद्रीय खाणकायदा अजून लागू आहे आणि त्याखाली माणसं सरकारी जमिनीवर 'क्लेम' लावतात. क्लेमच्या जागेत चटई टाकून दशम्या खायला हरकत नाही, पोहायलाही नाही. पण तिथल्या वाळूतलं सोनं क्लेमवाल्याचं. खांबाला खिळलेला डबा किंवा बाटलीत गुंडाळलेला कागद दिसला तर ती खूण समजा. खूण नसली म्हणून क्लेम नाही असंही नव्हे. केंद्राच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ऑनलाइन नोंदीत आणि काउंटीच्या दप्तरात बघावं लागतं. पोरांसमोर एखाद्या दाढीवाल्या गृहस्थाकडून चोर म्हणवून घेण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम घरी बसून केलेलं बरं. ते नको असेल तर सरळ स्टेट पार्कात जा. काहीजण सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबांचे सभासद होतात आणि क्लबच्या क्लेमवर बसतात. ज्यांना छंद लागला आहे त्यांच्यासाठी ते ठीक, वर्षातून एकदा जाणाऱ्याला त्याची गरज नाही. नदीचा तळ नळीने शोषून घेणारी यंत्रं मात्र राज्याने २००९ पासून बंद केलीत आणि २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. कुणी 'पार्ट टाइम धंदा' म्हणून असं यंत्र विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पाण्याबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. कोलोमाच्या वरच्या अंगाला चिली बारचं धरण आहे. वीजनिर्मितीसाठी आणि राफ्टिंगसाठी तिथून पाणी सोडलं जातं आणि सकाळी घोट्याएवढ्या असलेल्या जागी दुपारी गुडघ्याच्या वर पाणी येतं. आवाज होत नाही, भोंगा वाजत नाही. मुलांच्या चपला ठेवलेला दगड दिसेनासा झाला की लोकांच्या लक्षात येतं. मे-जूनमध्ये तर बर्फ वितळून येणारं पाणी असतं. उन्हात अंग भाजतंय म्हणून त्यात उडी मारणारी तरणीताठी माणसंही थंडीने आखडून वाहून जातात. पोरांना लाइफ जॅकेट घाला, नुसतं पॅन हलवायचं असलं तरी. एका मोठ्या माणसाने पॅनला हातच लावायचा नाही, फक्त पोरांवर डोळा ठेवायचा, असं आमच्यात ठरलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते काम नवऱ्याकडे जातं कारण त्याला वाकवत नाही. काठावर तीन-तीन पानांची झुडपं असतात, ती पॉइझन ओक. अंगाला लागलं की आठवडाभर खाज. उन्हाने तापलेल्या दगडांत रॅटलस्नेक असतो. हात घालण्याआधी बघावं.

एक धोका मात्र दिसत नाही, म्हणून त्याच्यावर जरा थांबते. १८५० नंतर सोपं सोनं संपलं आणि कंपन्या आल्या. त्यांनी तोफांसारख्या नळ्यांमधून पाण्याचा मारा करून अख्ख्या टेकड्या पाडल्या, आणि तो चिखल पन्हळींमधून सोडताना बारीक सोनं पकडायला त्यात पारा ओतला. पारा सोन्याला धरतो. पण बराच पारा निसटूनही जातो. कॅलिफोर्नियाच्या सोनेरी नद्यांमध्ये त्या काळात सांडलेल्या पाऱ्याचा अंदाज एक कोटी पौंडांच्या घरात जातो. सखल भागातली शेतं गाळाखाली गेली, शेतकरी कोर्टात गेले आणि १८८४ साली न्यायमूर्ती सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडायला मनाई केली. पारा मात्र तळाशीच राहिला. युबाच्या खोऱ्यात आजही पॅनमध्ये कधी चंदेरी थेंब दिसतो, किंवा सोन्याचा कण पांढुरका, चांदीसारखा दिसतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, वेगळ्या बाटलीत बंद करून रेंजरला दाखवायचं. आणि घरी आणून गॅसवर तापवून 'साफ' करणं तर कुणीही करू नये. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

हा पारा आला कुठून? सॅन होजेच्या दक्षिणेला न्यू आल्माडेन नावाची खाण होती, स्पेनमधल्या जुन्या पाऱ्याच्या खाणीवरून नाव ठेवलेली. १८४५ साली आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याने तिथला लाल दगड हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आहे हे ओळखलं. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले ओलोनी लोक तो दगड अंग रंगवायला वापरत. सोनं सापडलं तेव्हा पारा जवळच तयार होता, समुद्रापलीकडून आणावा लागला नाही. आज त्या टेकड्या म्हणजे आल्माडेन क्विकसिल्व्हर काउंटी पार्क. पायथ्याला मराठी मंडळींची कितीतरी घरं आहेत आणि रविवारी सकाळी त्या वाटांवर 'काय कसं काय' चालू असतं. तिथून निघणाऱ्या ओढ्यांमधले मासे खाऊ नका, अशा पाट्या आजही लावलेल्या आहेत. कोलोमाला जाण्याच्या आधीच्या रविवारी मुलांना इथे न्या, खाणीचं छोटं संग्रहालय दाखवा. तीनेक तास लांबच्या नदीतल्या सोन्याची अर्धी गोष्ट आपल्या घरामागेच आहे.

उरलेली अर्धी गोष्ट कोलोमाच्या नावातच सापडते. ते निसेनान लोकांच्या कुल्लुमाह या गावावरून पडलंय. सटरच्या शेतांवर राबणारे बहुतेक मजूर इथले आदिवासीच होते. सोन्याचा लोंढा आला आणि त्यांची नदी गढूळ झाली, मासे गेले, ओकची झाडं गेली, रोग आले आणि बंदुकाही आल्या. १८५०च्या एका कायद्याने त्यांना वेठबिगारीला जुंपायची सोय केली. १८४६च्या सुमारास कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास आदिवासी होते, पंचवीसेक वर्षांत तीस हजारांच्या आसपास उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. परदेशी खाणकामगारांवर त्याच १८५० साली महिन्याला २० डॉलरचा कर बसला. मग तो उठवून १८५२ पासून जो कमी दराचा कर आला त्याचा मुख्य भार चिनी कामगारांवर पडला. कोलोमात वा हॉप आणि मॅन ली या चिनी दुकानांच्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. पोरांना डोणीकडे नेताना वाटेतच लागतात. तिथे पाच मिनिटं थांबलं म्हणून सहलीचा विरस होत नाही. परदेशातून येऊन इथे राबणाऱ्यांच्या पोरांना तर ही गोष्ट कळायलाच हवी.

"आपल्याकडे असं कुठे करता येईल का?" हा प्रश्न पुण्या-नाशिकचे नातेवाईक हमखास विचारतात. मौजेसाठी, नाही. भारतात १९५७च्या खाण आणि खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय खनिज शोधताही येत नाही आणि काढताही येत नाही. नदीतली साधी वाळू उचलायची तरी परवानगी लागते. पण सोनं धुणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि पिढ्यान् पिढ्या आहेत. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा जो ग्रंथ १९१६ साली निघाला त्यात सोनझरा या सोनं धुणाऱ्या जातीची स्वतंत्र नोंद आहे. बालाघाटकडच्या वैनगंगेच्या खोऱ्यात ते लाकडी काथवटीत नदीची वाळू धुवायचे. झारखंडमध्ये सुवर्णरेखेच्या काठावर बायका आजही दिवसभर पाण्यात बसून तांदळाच्या कणीएवढं सोनं मिळवतात आणि त्यावर चूल पेटते. आणि मुंबईत तर नदीही लागत नाही. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांमध्ये घमेलावाले कारागिरांच्या कारखान्यांबाहेरची धूळ झाडून नेतात, गटारातला गाळ उपसतात, घमेल्यात धुतात आणि त्यातून सोनं काढतात. पारा आणि ॲसिडचं काम बहुतेकदा उघड्या हातांनी. कोलोमाच्या डोणीवर आपण तिकीट काढून जे करतो ते नेमकं हेच. हाताची हालचालसुद्धा तीच आहे. मला यात अपराधी वाटून घ्यायचं नाही, पण आईने पॅन हातात घेतलं तेव्हा तिथे जमलेल्यांना ते कौतुक वाटलं आणि झवेरी बाजारात तेच कसब गटाराशेजारी बसलेलं असतं, एवढी नोंद करून ठेवते.

कॅलिफोर्नियात न राहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात. शार्लटच्या आसपास असाल तर नॉर्थ कॅरोलायनातली रीड गोल्ड माइन बघा. १७९९ साली कॉनराड रीड नावाच्या बारा वर्षांच्या पोराला तिथल्या ओढ्यात १७ पौंडांचा पिवळा दगड सापडला. घरच्यांनी तीन वर्षं तो दाराला अटकाव म्हणून वापरला आणि मग सोनाराला साडेतीन डॉलरला विकला. ही गोष्ट सांगितली की पोरं घरातले सगळे दगड तपासतात. अटलांटावाल्यांना जॉर्जियातलं डाहलोनेगा जवळ आहे. मेलबर्नच्या मंडळींना बॅलरॅटचं सोव्हरिन हिल. १८५८ साली बॅलरॅटमध्येच ६९ किलोचा 'वेलकम नगेट' निघाला होता. तिथे तिकिटातच ओढ्यावर पॅन चालवता येतं, पण बाहेरच्या सरकारी जमिनीवर शोधायचं असेल तर व्हिक्टोरिया राज्याचा 'मायनर्स राइट' काढावा लागतो, तो दहा वर्षं चालतो. न्यूझीलंडला सहलीला जाणाऱ्यांनी ॲरोटाउनला थांबावं; ॲरो नदीच्या ठरवलेल्या पट्ट्यात परवान्याशिवाय बसता येतं.

या वर्षी जाणार असाल तर दिवाळीच्या आत उरका. नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की काठ निसरडे होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कला फोन करून तीनच गोष्टी विचारा: काठ उघडा आहे का, पॅन चालतं का आणि पाणी किती वाजता वाढतं. पॅन, चुंबक, झाकणाची छोटी बाटली आणि लाइफ जॅकेट बरोबर घ्या. फावडं घरी ठेवा.